तिसऱ्या कॅमेऱ्यातला हात

३ मार्च

ति. मामास,
सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, तेव्हा पत्र लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि आईही. बाबांची चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराला रोज घासते, चौकटीचा रंग पार उडाला आहे. सुतार मामा असून घराची ही अवस्था!

आता मुद्द्याचं. आमची कुस्ती कंपनी एक एप्रिलपासून स्वतःचं स्ट्रीमिंग सुरू करते आहे. महिन्याची वर्गणी भरा आणि तीस वर्षांतल्या सगळ्या लढती घरबसल्या बघा. जुन्या टेपा संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आहे. काल पहिल्या दिवसाची यादी आली. तिच्यात पहिलीच लढत ‘डोंगर विरुद्ध पारा’, म्हणजे तू आणि बाबा. बाबांची शेवटची.

वीस तारखेच्या आत दोघांपैकी एकाने जरी सही करून कळवलं, तरी लढत वगळतात. बाबांना विचारलं, तर म्हणाले, राहू दे, माझं पडणं तरी लोकांना बघू दे. तुझं काय म्हणणं आहे? रागावलास तरी चालेल, पण लिही.

तुझ्या उत्तराची आणि मायेची वाट बघणारी,
भिंगरी


७ मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

सही केलेला कागद सोबत आहे. ती लढत दाखवू नका.

कारण सांगतो. आमच्या कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, पण पडणं खरं असतं. म्हणून आमच्यात एक खूण होती. डोक्यावर उचलण्याआधी, ज्याला फेकायचं त्याने दुसऱ्याचं मनगट दोनदा दाबायचं. म्हणजे मी तयार आहे. प्रेक्षकांना दिसू नये अशा बेताने. दाब लागला नाही तर उचलायचं नाही, मग आभाळ कोसळो.

अपघातानंतरच्या चौकशीत मी सांगितलं की दाब लागला होता. भिंगरे, ते खोटं होतं. मनगटाला काहीच लागलं नव्हतं. लोक ओरडत होते, मला चेव चढला आणि मी दाजींना उचलून फेकलं. बावीस वर्षं तुमच्या घरी आलो नाही, ते कामाच्या रगाड्यामुळे नव्हे. ताईला सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात तेवढी हिंमत नाही.

लोभ उरला असेल तर असू दे.
तुझा मामा


११ मार्च

ति. मामास,
सा. न. वि. वि. (सवयीने लिहिलं, मनापासून नाही.)

तुझं पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. मग तुझा भयंकर राग आला. मामाची चूक नव्हती असं सांगत मी शाळेत पोरांशी मारामाऱ्या केल्या आहेत, ठाऊक आहे?

त्याच रागात टेपांच्या खोलीत गेले. तेव्हा प्रत्येक लढत तीन कॅमेरे टिपायचे. तिसरा खांबामागचा, त्याची टेप कधी दाखवलीच गेली नाही. आता वर्गणीदाराला हवा तो कॅमेरा निवडता येणार, म्हणून ती मी पहिल्यांदाच लावली. मामा, त्यात बाबांचा उजवा हात तुझ्या मनगटावर दिसतो. बोटं दोनदा मिटतात. मी चौदा वेळा बघितलं.

मग तुला कसं लागलं नाही? बाबांना ते दाखवलं आणि तुझं पत्रही दिलं. त्यांनी खुर्ची वळवली आणि खोलीचं दार लावून घेतलं. दोन दिवस झाले, जेवणापुरते बाहेर येतात. आई म्हणते, नसती भानगड उकरून काढलीस. तुझा कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. पुढे देऊ का? माझा जीव टांगणीला लागला आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
भिंगरी


१२ मार्च

प्रिय डोंगरा,
स. न. वि. वि.

दाबलं होतं. पण ऐक.

आदल्या दिवशी सरावात मी मानेवर पडलो होतो. सकाळपासून उजव्या हाताला मुंग्या, पाण्याचा पेलासुद्धा धरवत नव्हता. बोललो असतो तर लढत रद्द झाली असती, आणि माझी ती पहिलीच मोठी लढत. म्हणून गप्प राहिलो आणि वेळ आल्यावर दोनदा दाबलं. बोटांत जोरच नव्हता, तर तुला लागणार काय?

दाब लागल्याचं तू सांगितलंस, हे मला इस्पितळात कळलं. वाटलं, चला, याच्या मनाला टोचणी नाही. मग तू यायचा बंद झालास. का, ते विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर मुंग्यांचं सांगावं लागलं असतं. ओझी उचलण्यात तू पहिल्यापासून पटाईत, तेव्हा हेही मी तुला उचलू दिलं. लाज वाटते मला. तुझ्या बहिणीला आज सकाळी सगळं सांगितलं. ती तेव्हापासून भांडी आपटते आहे.

तो कागद मागे घे. मला ती लढत बघायची आहे, पण एकट्याने बघवणार नाही. एक तारखेला ये.

माफ केलंस तर तुझाच,
पारा


१६ मार्च

ति. दाजींस,
सा. न. वि. वि.

रागावलो आहे, हे आधी लिहून टाकतो. बावीस वर्षं मी स्वतःचं मनगट चाचपत बसलो आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून! पत्र हातात घेऊन दुकानात तासभर नुसता उभा होतो. गिऱ्हाईक आलं आणि निघूनही गेलं.

तरी दाब लागला नसताना उचललं ते मीच, तुमच्या मुंग्यांनी ते पुसलं जात नाही. दोघांनी मिळून केलेली चूक दोघांनी मिळून बघू. भिंगरीला म्हणावं, कागद फाडून टाक. ताईला म्हणावं, माझ्या वाट्याचं ओरडणं राखून ठेव. स्वयंपाकघराच्या दाराचं आणि खुर्चीचं माप उलट टपाली पाठवा, नवी चौकट करूनच आणतो. माप मात्र भिंगरीला घेऊ दे, तुमच्या हातावर आता माझा भरवसा नाही.

लढत सोफ्यावर बसून बघू. खुर्चीतून मी उचलीन तुम्हाला. आधी मनगट दाबा. लागलं नाही, तर या वेळी तोंडाने विचारीन.

येतोच आहे, लोभ तोवर जपून ठेवा.
तुमचा,
डोंगर