मागच्या सीटचा पट्टा

शुक्रवार, २२ मे. डेट्रॉइट

व्हिसावर आयुष्य काढणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो! आपलं दुखणं एकच. इथे घरं घेतली, कर भरले, मराठी मंडळं काढली. पण सीमेच्या जवळ जायची हिंमत कधी झाली नाही. बाहेर पडलो आणि परत आत घेतलं नाही तर? नायगाऱ्याला आपण पलीकडचा किनारा लांबूनच पाहिला, आणि चुकून पुलाची लेन लागू नये म्हणून जीव मुठीत धरून गाडी चालवली. मित्रांनो, आमचं ग्रीन कार्ड आलं! उद्या आम्ही सीमा ओलांडणार आणि संध्याकाळच्या आत ताठ मानेने परत येणार.

(रोजनिशी लिहितानाही तुला समोर सभा लागते, असं गिरिजा म्हणते. आमच्या संसारात माझं एकही वाक्य तिने मुकाट्याने ऐकलेलं नाही. मंडळात लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, घरी आलो की ती म्हणते, "टाळ्या संपल्या, प्रताप. आता भाजी चीर.")

सकाळी घरून, शॉमबर्गहून निघालो, दुपारी इथे पोचलो. नवी गाडी लोण्यासारखी चालते. हॉटेल जुन्या विटांच्या इमारतीत आहे, खिडकीतून नदी दिसते. काठावर माणसं गळ टाकून निवांत बसली आहेत. पलीकडे कॅनडातलं विंडसर. गंमत म्हणजे ते इथून दक्षिणेला आहे. कॅनडा नेहमी डोक्यावर असतो, ही माझी समजूत गिरिजाने हसून हसून मोडीत काढली.

एकच कुरबुर. घराची किल्ली शेजारच्या सुमित्राकाकूंकडे आहे, आणि त्यांनी गिरिजाच्या पर्समध्ये एक पोळी बांधून दिली आहे. पहिल्यांदा देशाची शीव ओलांडताय, परत आल्यावर खोलीत शिरण्याआधी भाकरतुकडा टाका म्हणे. माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, तुकडा ओवाळून लांब फेकायचा, मगच आत घ्यायचं. वाटेत काही मागे लागलं असेल तर ते बाहेरच राहतं! मी गाडीतच अर्धा तास बोललो. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाची माणसं आपण! गिरिजा म्हणाली, यान परत आलं असतं तर काकूंनी त्यालाही ओवाळलं असतं.

शनिवार, २३ मे

जाताना काही त्रास झाला नाही. नदीखालून बोगदा आहे, पांढऱ्या टाइलचा. मध्यावर भिंतीवर दोन्ही देशांचे झेंडे, तीच सीमा. विंडसरमध्ये काठाकाठाने फिरलो, कॉफी प्यायलो, डेट्रॉइटचे टॉवर समोरून पाहिले. आपण राहतो तो देश बाहेरून कसा दिसतो ते पाहायला माणसाने बाहेर पडावं, असं मी म्हणालो. आणि परत जाता यावं, असं गिरिजा म्हणाली.

येताना बोगद्यात गाड्या खोळंबल्या. आम्ही बरोबर झेंड्यांपाशी. पुढच्या सीट अमेरिकेत, मागची कॅनडात. गिरिजा म्हणाली, अर्धं आत अर्धं बाहेर, आपलं नेहमीचंच. मागच्या सीटवरची पर्स घ्यायला ती वळली, तेवढ्यात दिवे क्षणभर गेले. आले तेव्हा ती पर्स मांडीवर घेऊन सरळ समोर बघत बसली होती.

आणि गाडी टिंग टिंग करायला लागली. मागच्या सीटवर कोणीतरी पट्टा लावलेला नाही, अशी खूण. मी मागे पाहिलं. सीट रिकामी होती. नवी गाडी, काहीतरी बिघडलं असेल.

चौकीवरच्या अधिकाऱ्याने मागची काच खाली घ्यायला लावली आणि मागे बसलेल्या बाईंचा पासपोर्ट मागितला. मी म्हणालो, आम्ही दोघंच आहोत. त्याने वाकून पुन्हा पाहिलं, डोळे चोळले, आणि जा म्हणाला. गाडीत मी खूप हसलो. गिरिजा हसली नाही.

हॉटेलच्या खोलीच्या दाराशी काकूंचा फोन. टाकला का तुकडा? मी स्पीकर चालू केला आणि गिरिजालाच विचारलं. ती बाहेर पॅसेजमध्ये उभी होती. म्हणाली, काही गरज नाही, बरोबर आहे तुझं.

बरोबर आहे तुझं! मंडळींनो, इतक्या वर्षांच्या प्रबोधनाला फळ आलं! मी काकूंना ठणकावलं, यापुढे आमच्या दारात हे थोतांड नको, तुम्हाला माझी शपथ. त्या दुखावल्या. बरं बाबा, नाही करणार, म्हणाल्या. गिरिजा अजून बाहेरच होती, बोलावल्याशिवाय येईना. ये गं राणी, म्हणून मी तिला हाताला धरून आत घेतलं आणि तिच्या पर्समधली ती पोळी खाऊन टाकली.

रविवार, २४ मे

सकाळपासून गिरिजाचं आणि माझं एकमत आहे. नाश्ता कुठे करायचा, म्युझियम बघायचं की नाही, सगळ्यावर. बरोबर आहे तुझं. मुद्दाम म्हणालो, तुझ्या आईच्या हाताला चव नाही. बरोबर आहे तुझं. म्हणालो, दोन आणि दोन पाच. तिने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं.

मला जेवण गेलं नाही.

दुपारी एकटाच गाडी घेऊन निघालो. टिंग टिंग. चिडून मागचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवर खटकन लावून टाकला. आवाज थांबला. मग स्वतःलाच समजावू लागलो, मोठ्याने, सवयीने: भीती हे अज्ञानाचं मूल आहे, बुद्धी हाच माणसाचा...

मागून आवाज आला. दमलेला, लांबून आल्यासारखा.

"टाळ्या संपल्या, प्रताप."

मी गाडी कडेला घेतली. सीट रिकामी. पण पट्टा सपाट नव्हता. त्याच्या आत कोणीतरी बसल्यासारखा तो फुगलेला होता, आणि मी बघत असताना हलत होता. श्वासाने.

सोमवार, २५ मे

खोलीत आहे ती गिरिजा नाही. गिरिजा गाडीत आहे. बोगद्यात ती वळली आणि मागेच राहिली, आणि पुढच्या सीटवर दुसरंच कोणी बसलं. मी त्याला हाताला धरून आत घेतलं.

सकाळी दुकानातून ब्रेड आणला. खोलीतल्या तिला पार्किंगमध्ये उभं केलं, भर उन्हात, लोक बघत होते. स्लाइस ओवाळली. फेकणार तेवढ्यात तिने ती माझ्या हातातून घेतली आणि सावकाश खाल्ली. मी पोळी खाल्ली होती तशीच. म्हणाली, बरोबर आहे तुझं —

मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती. त्यावर बोटं उमटली, पुसली गेली.

आता एकच उंबरा उरला आहे, जो या दुसरीने अजून ओलांडलेला नाही. आमचा. तिथे काकू किल्ली घेऊन उभ्या असतील. आणि काकूंना मी शपथ घातली आहे.

सोमवार, दुपार. हायवेवर

खोलीतली ती गाडी चालवते आहे. गाडीची किल्ली तिने सोडली नाही. फोनही तिच्याकडे. काकूंशी बोलली, गोड — पोचतोच आहोत, तुकडाबिकडा नको हं काकू, यांना आवडत नाही.

मी मागे बसलो आहे. गिरिजाच्या शेजारी. हात सीटवर ठेवला की थोडं गार लागतं, तेवढंच. पट्टा सैल पडत चालला आहे. मगाशी गिरिजा हळूच म्हणाली, लिही, पण भाषण नको.

नाही करत भाषण. राणी, नाही करत.

शॉमबर्गची पाटी गेली —

आमची गल्ली. काकू दारात आहेत. हात रिकामे. हसतायत —

ती आरशातून माझ्याकडे बघते आहे. गाडी थांबली.

काकू, शपथ सुटली. मंडळातल्या माझ्या माणसांनो, तुमच्यापैकी ज्याच्या दाराशी ती येईल — मला हसा, भित्रा म्हणा, पण तिला आत बोलवू नका. आधी तुकडा ओवाळा आणि लांब फेका, तिच्या हाताला लागू देऊ नका. तिच्या मागे गिरिजा उभी असेल. ती भांडेल, त्यावरून ओळखा. तिला आत घ्या, तिला हाताला धरून —

शेजारचा पट्टा सुटला. पुढून उतरून ती माझ्या बाजूचं दार बाहेरून उघ