तिघांतलं एक निवडताना

बाबा, तुमची नात आई व्हायला निघाली आहे, आणि कोणतं मूल आणायचं हे माझ्या होकारावर येऊन अडलं होतं. तुम्ही खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जन्मभर माल तपासत हेच केलंत. पितळेचा तुकडा गेजमध्ये, मापाच्या साच्यात, बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. तिथे दयामाया नाही, कारण चुकीचा तुकडा पुढे गेला तर कुणाचा तरी हात जायचा. बाजारातून आलेली वांगीसुद्धा तुम्ही तशीच फिरवून बघायचात आणि आई चिडायची.

तुमची नात आणि माझा जावई, दोघांच्याही रक्तात सिकलसेलचा दोष आहे, तुमच्याकडून माझ्यात आला तसाच लपलेला. म्हणून मूल दवाखान्यात, काचेच्या बशीत तयार केलं. तीन गर्भ झाले. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: एकाला तुमच्या थोरल्यासारखा, आपल्या दादासारखा, पूर्ण आजार, एक माझ्यासारखा, आजार नाही पण रक्तात दोष, आणि एक अगदी स्वच्छ. पोरगी लगेच म्हणाली, स्वच्छवालाच. मी म्हटलं, "अगं, दुसऱ्याला काय झालंय? मी ठणठणीत आहे ना?" ती भडकली. "मम्मी, काहून अडवून राहिली तू? उद्या त्याच्याही लग्नात रक्त तपासत बसायचं? जब साफवाला है, तो है." जावयाने हळूच विचारलं, उंची, बुद्धी, तेही कळतं का जी? बाई म्हणाल्या, त्याचा भरवसा नाही, आम्ही ते करत नाही. तो हसला, पण विचारून तर झालं होतं.

मला दादा दिसतो. थंडीत सांधे धरले की तो ओरडत नाही, उशीचा कोपरा चावतो, आणि दुखणं उतरलं की आडव्यानेच कॅरममध्ये आपल्या दोघांना हरवतो. कांचघर मोहल्ल्यातले माझे मामा एकदा जेवता जेवता बोलून गेले, "भाऊजी, दुनियेचा माल तपासता, अन् घरात रिजेक्ट पीस?" तुम्ही त्यांना भरल्या ताटावरून उठवलंत. "गेज पितळेला लावतात. चला, उठा." केवढा अभिमान वाटला होता मला! पण दादा गेला त्या सकाळी दवाखान्याच्या पायरीवर तुम्हीच आईला म्हणालात, "याच्या वाट्याला हे आणायला नको होतं आपण." दोन्ही बोल तुमचेच, बाबा. मी कोणता धरू?

काल पोरगी माझ्या घरी, गोरखपूर मोहल्ल्यात आली. मी पोळ्या लाटत होते, ती ओट्याला टेकून उभी राहिली. आवाज एकदम खाली आलेला. "मम्मी, तुझ्या दादाची गोष्ट निघाली की तू अजून ताटावरून उठून जाते. मला असं नाही जगायचं. तू हो म्हणशील तरच मी सही करीन." पोळी तव्यावर करपली. मी हो म्हटलं. ती माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. आपल्यासारखा जो दुसरा आहे, त्याचं पुढे काय करणार, हे मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

बाबा असते तर त्यांनाच विचारलं असतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरते. खोटं आहे ते. काल हो म्हणताना तुम्ही समोर नव्हतात, याचं मला बरं वाटलं.