पिंपळगावच्या गोदामातली बंद खोली

मी, सावळीराम धोंडीराम विधाते, वय ६३, धंदा मालवाहतूक, राहणार पिंपळगाव बसवंत, जि. नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे. बुद्धी शाबूत आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी वत्सलाबाई हिला. तिच्या हयातीत ते कोणी विकायला लावू नये.

२. माझ्या गोदामातल्या, मागच्या बाजूच्या विटांनी बुजवलेल्या खोलीत कॅन्सरवरच्या मशीनचे शिशाचे डोके आहे. त्यात किरण सोडणारा कोबाल्ट आहे. १९९६ साली नाशिकच्या गंगापूर रोडवरचा एक खासगी दवाखाना बंद झाला (डॉक्टरांचे नाव सोबतच्या करारावर आहे). ही वस्तू मुंबईला सरकारकडे परत करायची तर खास भांडे, वेगळी गाडी, तज्ज्ञ माणूस, परवानग्या, असा दोन लाख ऐंशी हजारांचा खर्च होता. डॉक्टर मला म्हणाले, "पंधरा हजार घ्या आणि तुमच्याकडे ठेवा. महिना आठशे भाडं देतो. सहा महिन्यांत नेतो." कांद्याच्या गाडीतून, वर ताडपत्री टाकून मी ती आणली. भाडे अकरा महिने आले. मग डॉक्टर परदेशी गेले.

दर सव्वापाच वर्षांनी तिचा जोर निम्मा होतो असे कळले, म्हणून थांबलो. जोर कमी होत गेला, नेण्याचा खर्च वाढत गेला. मागच्या वर्षी नाव न सांगता चौकशी केली, तर साडेचार लाख.

३. २००१ मध्ये, भाडे बुडाले म्हणून, मी वरचे शिसे भंगारात विकायचे ठरवले. माझा ड्रायव्हर जयराम गांगुर्डे याला सांगितले, "वरची चकती काढ, आत हात घालू नको." आत काय आहे ते सांगितले नाही. मी स्वतः बाहेर रस्त्यापाशी उभा राहिलो. भंगारवाल्याने भाव पाडला, तेव्हा जयरामकडूनच चकती परत बसवून घेतली. दहा-बारा दिवसांनी त्याच्या उजव्या हाताला फोड आले. तो म्हणाला, "शेठ, गरम काय लागलं नाय. मग हात कसा भाजला?" मी दवाखान्यात बॅटरीचे अ‍ॅसिड सांडल्याचे सांगितले. जखम भरेना. शेवटी दोन बोटे काढावी लागली. त्यानंतर मी खोली बुजवली.

४. मुलगा रोहित याला गोदामाच्या जागी शीतगृह बांधायचे आहे. कर्जही मंजूर आहे. खोलीचे सांगितल्यावर तो म्हणाला, "आण्णा, खाली पुरून वर काँक्रीट टाकू. द्राक्षवाल्यांना कळलं तर एक क्रेट कोणी ठेवणार नाही." पंधरा दिवस मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. आता नाही म्हणतो. बँकेतील पाच लाख वीस हजारांच्या ठेवीतून आधी ती वस्तू न्यावी. सरकारी पोच हातात आल्यावरच गोदाम रोहितच्या नावे व्हावे. ठेवीतून उरेल ते मुलगी सुवर्णा हिला. तिच्या वाट्याला फार थोडे येईल. त्यात तिचा काही दोष नाही.

५. एवढे लिहून पाकीट बंद करणार होतो. वत्सलाबाईने वाचायला मागितले. वाचून म्हणाली, "हे तुम्ही गेल्यावर उघडायचं. अन् ऑपरेशन नीट झालं तर? अजून दहा वर्षं गप्प बसायचं?"

काल मुंबईच्या सरकारी खात्याला सगळे लिहून रजिस्टर पत्र टाकले. तिथून जयरामच्या घरी गेलो. सगळे सांगितले आणि माझा ट्रक त्याच्या नावे करतो म्हणालो.

त्याने विचारले, "तवाच माझा हात बघणाऱ्या डॉक्टरला खरं सांगितलं असतं, तर बोटं वाचली असती?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तो म्हणाला, "ट्रक घेऊन काय करू, मला चालवता येत नाय आता. माझ्या कागदावर अ‍ॅसिड लिहिलंय. ते आधी खोडून आणा."

म्हणून ट्रक विकून येणारी सर्व रक्कम जयरामला द्यावी. बाकीचे मृत्युपत्रात मावत नाही. मी वकिलांच्या ऑफिसात आहे, जयराम खाली रिक्षात बसला आहे. सह्या झाल्या की आम्ही दोघे, त्याच्या कागदावर अ‍ॅसिड लिहिले त्या दवाखान्यात जाणार आहोत.

स्थळ: नाशिक
दिनांक: १४ मार्च २००५

(सही) सावळीराम धोंडीराम विधाते

वरील सही आम्हा दोघांसमोर झाली:
१. (सही) चिमाजी कृष्णा बनकर, निवृत्त शिक्षक, पिंपळगाव बसवंत
२. (सही) अ‍ॅड. मनीषा दौलत आहेर, नाशिक