लिफ्ट खाली निघताना

प्रिय चिंगे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. रोज फोन होत असताना आईला पत्राची काय हुक्की आली, असं तू म्हणशील. ते शेवटी सांगते. पण लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तसं करू नकोस.

बाबांची हत्यारांची पेटी अजून दारामागेच आहे. झाडताना ती उचलते, खालून झाडू फिरवते आणि परत तिथेच ठेवते. ते गेले तेव्हा घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता आणि माझ्यासमोर तो कुणीच काढला नाही. आता हिला झटका येणार हे ओळखणार कोण? माझ्याही मनात दुसरं काही नव्हतं. शेजारच्या काकूंनी कपाटाच्या कोपऱ्यांना जुन्या चादरी बांधल्या, स्वयंपाकघरात गादी टाकली. घर सामान बांधून ठेवल्यासारखं दिसत होतं.

तुला आठवत असेल, डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं की माझे झटके खरे आहेत, पण अपस्माराचे नाहीत. तपासणीत मेंदूच्या विजेचा बिघाड दिसत नाही, तरी शरीराचा ताबा सुटतो. मी नाटक करत नाही हे पांढऱ्या कोटातल्या माणसाने मोठ्याने म्हटलं, याचंच मला तेव्हा रडू आलं होतं. बाबांनी मात्र त्याचं सोपं करून टाकलं. तुझी आई आणि बँकेची लिफ्ट सारख्याच, म्हणायचे, आधी कुरकुरतात आणि मग अडकतात. कुरकुर ऐकू आली की माणसं बाहेर काढायची. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा कान तो. मला काही कळायच्या आत ते म्हणायचे, "चल, खाली बस." मी बसायचे. इतकी वर्षं बसले, पण त्यांना काय दिसतं, काय ऐकू येतं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. घरात दिवा लागतो तोवर वायर कुठून गेली आहे ते कोण बघतं?

ते गेल्यावर मी सारखी पडायला लागले. तेव्हा डॉक्टरांनी मला एका शिकवणीला पाठवलं. पद्धत नवीन आहे, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, हेही आधीच सांगितलं. शिकवणारी तुझ्याच वयाची आहे. मनातल्या मनात मी तिला ठोकेवाली म्हणते. ती बोटाला एक चिमटा लावते, त्यातून तिच्या यंत्राला माझे ठोके कळतात. मी मनगटाला किंवा छातीला हात लावायचा नाही. नुसतं बसायचं आणि आतून ठोका जाणवला की दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर टेकवायचं. पहिल्या दिवशी मी छान एका लयीत बोट आपटत गेले. तिने यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकू, वाजवलंत सुरेख. पण तुमच्या हृदयाचा याच्याशी काही संबंध नाही." मला हसू आलं. बाबा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले, तेही परक्या बाईसमोर.

मग तिने मला जिना चढून यायला लावलं आणि विचारलं, आता? आता ठोका गळ्यात होता, कानात होता, न जाणवून सांगतो कुणाला! तो शांत होताना त्याच्यामागे लक्ष ठेवत जायचं, हा आमचा अभ्यास. कधी श्वास, कधी पोट, कधी गार पडलेले तळवे. ठोकेवालीचं म्हणणं असं की झटक्याआधी शरीर काहीतरी सांगत असतं. काही जणांना ते ऐकू येत नाही आणि काही जण अर्धवट ऐकून इतके घाबरतात की कान झाकून घेतात. आधी ऐकायचं, मग घाबरायचं नाही, मग खाली बसायचं. मी म्हटलं, हे शेवटचं मला येतं.

तिने विचारलं, तुमची पहिली खूण कोणती? मला सांगता येईना. म्हणून त्या दिवशी तुला फोन केला होता. तू म्हणालीस, बोलता बोलता तू वाक्याचा शेवट गिळतेस, बाबांनी मला शाळेत असतानाच शिकवून ठेवलं होतं. मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. घरातल्या दोघांना माहीत होतं, मलाच नव्हतं. राग नाही गं आला. पोरीच्या जातीला एवढ्या लहानपणी आईच्या वाक्यांची शेपटं मोजायला लागली, याचं वाईट वाटलं.

ठोकेवालीला सांगितलं तर ती म्हणाली, हे बाहेरच्याला दिसतं ते झालं. आतून काय होतं? ते सापडायला बरेच आठवडे गेले. एकदा तिच्यासमोरच झटका येऊ घातला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की लिफ्ट खाली निघताना पोट क्षणभर वरच राहतं ना, तसं होतंय. ती म्हणाली, सापडलं! ती इतकी खूश झाली आणि मी तिच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. झटका नव्हता तो, साधं रडणं होतं. चिंगे, हे ऐकून बाबांनी काय केलं असतं सांग. मांडीवर थाप मारली असती, जेवताना तुला फोन लावून ऐकवलं असतं, वर्षभर मला चिडवलं असतं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांच्या धंद्यातली एकच गोष्ट मला नीट कळली आणि ती त्यांना सांगायची राहून गेली.

आता मी चष्म्याच्या दुकानात पुन्हा कामाला जायला लागले आहे, सकाळपुरती. परवा एका आजोबांच्या फ्रेमचा स्क्रू आवळत होते आणि पोट वर राहिलं. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, त्यांना म्हटलं, मी जरा बसते. ते म्हणाले, "बसा, बसा. मला तरी कुठे काही दिसतंय, चष्मा तुमच्याच हातात आहे." मी पाय जमिनीवर दाबून बसले, ठोका शोधला, तो सुसाट होता, त्याच्याबरोबर राहिले. हळूहळू तो उतरला. झटका आला नाही. प्रत्येक वेळी जमतं असं समजू नकोस. गेल्याच आठवड्यात मागच्या खोलीत पडले होते, दंडावर निळं झालं आहे. पण त्या दिवशी जमलं. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र एवढंच जाणवलं की "चल, खाली बस" म्हणणारा आवाज माझाच होता आणि तसं म्हणायला आता दुसरं कुणी नव्हतं.

आता जे तुला कुणी सांगितलेलं नाही ते लिहिते. बाबा झोपेत गेले असं मी सगळ्यांना सांगितलं. दुपारी आम्ही स्वयंपाकघरात होतो. त्यांनी मला खाली बसवलं, स्वतः कपाटाला टेकून बसले आणि नेहमीसारखं माझं डोकं मांडीवर घेतलं. मला शुद्ध आली तेव्हा त्यांचा हात माझ्या कपाळावर होता आणि मान एका बाजूला कलली होती. सकाळपासून कुठल्याशा इमारतीत जिने चढून आले होते, वाटलं डोळा लागला असेल. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी हलले नाही. ओट्यावर दूध झाकायचं राहिलं होतं, तरी उठले नाही. शेवटी त्यांच्या पायाला मुंग्या येतील म्हणून उठले. डॉक्टर म्हणाले, क्षणात झालं असणार, कुणाला काही करता आलं नसतं. तो आठवडाभर ते डावा खांदा चोळत होते. पित्त झालंय, म्हणत होते. साऱ्या गावाच्या लिफ्टची कुरकुर ऐकणाऱ्या माणसाला आपली ऐकू आली नाही. त्यांचा कान माझ्याकडे लागलेला होता.

इथे मी पेन खाली ठेवलं होतं. पोट वर राहिलं. खुर्चीतून उतरून जमिनीवर बसले, पाठ त्याच कपाटाला टेकून. ठोके गळ्यापर्यंत आले होते. त्यांच्याबरोबर बसून राहिले, मग रडले, मग तोंड धुतलं, चहा केला. अक्षर जरा बदललेलं दिसेल, पण हात माझाच आहे.

काल जावईबापूंचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. तू खालचं पद मिळालं तरी चालेल म्हणून इकडची बदली मागते आहेस आणि सोमवारी अर्ज देणार आहेस. रोज जेवायच्या वेळी मला फोन लावतेस, कानाला फोन आणि हातात घास, आणि फोन ठेवल्यावर भूक नाही म्हणून ताट सारतेस. मला ते आधीच कळायला हवं होतं. तू माझं बोलणं ऐकत नव्हतीस, वाक्यांचे शेवट ऐकत होतीस. चिंगे, तो अर्ज देऊ नकोस. मी पुन्हा पडेन, आणि उठेनही. या घरात माझा पहारा करताना एक माणूस गेलं, दुसरं मी बसवणार नाही. माहेरपणाला ये, हवी तेवढी राहा, पण पहाऱ्याला येऊ नकोस. आणि भूक लागली की आधी जेव, मला नंतर फोन कर. फोनवर हे बोलले असते तर तू पुन्हा माझी वाक्यं तपासत बसली असतीस, म्हणून पत्र लिहिलं. आता हवं तर पहिल्यापासून वाचून बघ. एकही वाक्य मी अर्धं सोडलेलं नाही.

पोटभर जेवलेल्या लेकीच्या फोनची वाट बघणारी,
तुझीच
आई