दर्शन न घेता

४ ऑगस्ट

बूट आले! विटकरी रंगाचे, ट्रॅक्टरच्या टायरसारख्या तळव्याचे. ऑक्टोबरपर्यंत घरात घालून हिंडायचे, म्हणजे दरीत पाय सोलणार नाहीत — लेकीचा, रुचिराचा हुकूम. हे म्हणाले, "देवघरापुरते तरी काढशील ना?"

अजून खरं वाटत नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टर इमेल्डांच्या भूगोलाच्या वर्गात भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं. तांबडी दरी, आणि तळाशी नदी, दोऱ्याएवढी. "हे सगळं त्या पाण्याने कापलं, मुलींनो. मुळीच घाई न करता." तेव्हापासून त्या पाण्यात हात बुडवायचा आहे. चित्रातल्या मोठ्या दरीत एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नये म्हणतात. म्हणून लेकीने तिच्या अ‍ॅरिझोनात त्या दरीची एक धाकटी बहीण शोधली आहे. हिच्याही तळाशी नदी आहे. मला तेवढं पुरे!

९ ऑगस्ट

चेन्नई म्हणजे पोळपाट. चढ आणायचा कुठून? म्हणून इमारतीचे जिने चढते आणि गुडघे जपायला लिफ्टने खाली येते. हे ऐकून रुचिरा फोनवर किंचाळलीच. "आई, उलटं करतेयस! तिथे आधी उतार आहे. उतरतानाच मांड्या थरथरायला लागतात, आणि त्याच मांड्यांनी मग चढायचं असतं."

उद्यापासून लिफ्ट बंद. वॉचमन रोज विचारतो, लिफ्ट बिघडली का अम्मा?

१७ ऑगस्ट

डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्तदाबाच्या गोळीचं विचारून घेतलं. म्हणाले, "त्या उन्हात नुसतं पाणी पीत राहू नका, घामातून मीठ जातं. मधे मधे खारट खा." एरवी याच माणसाने माझं लोणचं बंद केलं होतं!

कनकाला सांगितलं, तर ती लगेच मुरुक्कू, म्हणजे इकडच्या चकल्या, तळायलाच निघाली. शेजारीण कशी असावी, तर अशी. तंजावरची मराठी, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच. भांडते तमिळमध्ये, माया मराठीत.

२५ ऑगस्ट

नापास.

रुचिराने परीक्षा ठरवली होती. तिरुक्कळुकुंड्रमची देवळाची टेकडी चढायची. घड्याळात गजर लावायचा आणि तो वाजला की असशील तिथून वळायचं. कनका बरोबर होती. पायथ्याशी फुलं घेतली, गप्पा मारल्या, उशीर झाला. गजर वाजला तेव्हा गोपूर समोर दिसत होतं. कनका म्हणाली, "अक्का, देवाच्या दारातून पाठ फिरविणे काय?" मलाही ते पटलं. दर्शन न घेता परत कसं फिरायचं? डोकं गरगरत होतं तरी चढले. दारातच बसकण मारली, डोळ्यांपुढे काळोख. पुजाऱ्यांनी पाणी दिलं, कनकाने पदराने वारा घातला.

यांनी तो प्रसंग रुचिराला फोनवर रंगवून सांगितला. ती हसली नाही. "टेकडीवर दमलीस तर पुढे उतार असतो. दरीत दमलीस तर पुढे सगळा चढ, आणि तोही ऊन डोक्यावर आल्यावर. आई, तुला वळता येत नसेल तर मी तुला नेणार नाही."

२६ ऑगस्ट

बूट खाटेखाली. खाली-वर लिफ्टने.

३० ऑगस्ट

खरंच आहे तिचं. आपले देव डोंगरावर बसतात. कष्ट आधी, दर्शन मग, आणि परतताना गाणी म्हणत उतरायचं. तिकडचा देव दरीत बसला आहे. त्याचं दर्शन आधी, कष्ट सगळे नंतर! माझ्या पायांना हे साठ वर्षांत कुणी शिकवलंच नाही.

पण थांबायला शिकवलं होतं. परीक्षेत घंटा वाजली की सिस्टर म्हणायच्या, "पेन्स डाऊन!" शब्द अर्धा राहिला तरी पेन खाली. एकदा मी वेलांटी पुरी करायला गेले, तर पेपरच ओढून घेतला. केवढी रडले होते! पुढे रुचिराला मी त्याच आवाजात झोपायला पाठवायची. गोष्टीचं पुस्तक ऐन रंगात — पेन्स डाऊन! हे म्हणाले, "मला तर अजून जेवताना वर्तमानपत्र खाली ठेवावं लागतं."

बूट बाहेर काढले.

१४ सप्टेंबर

पुन्हा टेकडी. गजर वाजला तेव्हा गोपुरावरची कबुतरं दिसत होती. हातात फुलं. मनातल्या मनात सिस्टरांचा आवाज आणला, फुलं कनकाच्या हातात दिली — आणि वळले. पाय तरी तिकडेच ओढत होते. खाली फुलवालीने विचारलं, "काय अम्मा, देऊळ बंद होतं का?"

थोड्या वेळाने कनका विभूती घेऊन आली. "तुमचा नमस्कार सांगितला अक्का. देव म्हणाला, ती कुठे? मी म्हटलं, ती वळायला शिकते आहे."

रुचिराचा निरोप एका शब्दाचा. पास!

२ ऑक्टोबर

बॅग भरली. टोपी, गळ्याभोवती ओला करून बांधायचा पंचा, विजेरी, कनकाचे मुरुक्कू. यांनी कारखान्यातल्या नोकरीतली आपली जुनी शिट्टी वर ठेवली. यांचे गुडघे येऊ देत नाहीत. "हरवलीस तर वाजव. मला इथे ऐकू येणार नाही, पण वाजव."

११ ऑक्टोबर, अ‍ॅरिझोना

पहाटे उतरायला लागलो. तांबडे कडे, अगदी कॅलेंडरातले. नदीचा आवाज यायला लागला, पाणी एका वळणापलीकडे — आणि मनगटावर गजर.

मी वळले. रुचिरा वळेना. "आई, पाचच मिनिटं! तुझी नदी आहे ती, इतकं शिकलीस तिच्यासाठी." तिचे ओठ सुकले होते. मांड्या थरथरत होत्या.

"रुचिरा, पेन्स डाऊन."

मुकाट्याने मागे आली. चढावर तिची पिशवी मी घेतली.