मागच्या ओसरीचा शकुन

टॅलमन, अलाबामा
३० नोव्हेंबर १९८७

ती. आईस,
डेलाचा सा. न. वि. वि.

मी काल सुखरूप पोचले. तू बांधून दिलेला पेकनच्या दाण्यांचा केक खोलीतल्या मैत्रिणींनी डबा उघडताच फस्त केला, मला कडेचा चुरा मिळाला. हे आधी लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

शनिवारी फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतराला मी घरी येऊन गेले, हे तुला ठाऊक नाही. ब्रॉक्सन स्टेट आपल्या टॅलमनच्या दोन टचडाऊननी, म्हणजे चौदा गुणांनी, पुढे होती आणि आजोबांच्या एकाएकी लक्षात आलं की आपण नुसत्या बाकावर बसलो आहोत. त्यांची शकुनाची हिरवी गादी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर राहिली होती. ड्यूईकाका म्हणाला, पपा, गादी काय मैदानात उतरून चेंडू पकडणार आहे का? आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या घरात ते कुणालाच वाटलं नसतं.

मी पुढच्या दाराने आत आले. गादी उचलली, आणि जाळीच्या दारातून मागच्या ओसरीवर तू दिसलीस. तू खुर्चीवर उभी होतीस. रेडिओ कानाशी धरला होतास आणि त्यावर आपला निवेदक नव्हता, ब्रॉक्सनचा होता. तू ओरडत होतीस, पळ रे माझ्या राजा, पळ, मागे बघू नकोस! तो राजा नारिंगी कपड्यांतला, ब्रॉक्सनचा होता. तो पलीकडे पोचला तेव्हा तू ॲप्रन डोक्यावरून फिरवलास. आई, मी एकोणीस वर्षांत तुला एवढ्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

मी चोरासारखी निघाले. स्टेडियममध्ये पोचले तेव्हा आपण हरून लोक पांगत होते. आजोबा एवढंच म्हणाले, गादी उशिरा आली. रात्री जेवताना तुझे डोळे लाल होते. आजोबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, रडू नकोस वर्लीन, तू तुझं काम केलंस. माझ्या हातून सुपाची वाटी पडली, ती त्या क्षणी. गरम होती हे मी खोटं सांगितलं.

तू ओसरीवर गेलीस की आपण जिंकतो, म्हणून दर वर्षी ब्रॉक्सनच्या सामन्याला थंडीवाऱ्यात तू एकटी मागे बसतेस. आजोबा हे चर्चमध्ये चारचौघांत सांगतात. लहानपणी मी आजारी असायचे म्हणून शाळेत न पाठवता तू आणि आजोबा, दोघांनी मला त्याच स्वयंपाकघरात शिकवलंत. सातचा पाढा आजोबांनी टचडाऊन मोजून पाठ करून घेतला. आणि खोटं बोलणं व खोटं चालू देणं यांत फरक नाही, हे तू शिकवलंस. मला दोन रात्री झोप नाही. मी चुकीचं पाहिलं, असं लिही. मी विश्वास ठेवीन.

पत्राची वाट पाहणारी,
डेला


प्रुइट फार्म
३ डिसेंबर

चि. डेलास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पेटीजवळच उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. शेजारच्या मिसेस टिंगलनी कुंपणापलीकडून विचारलं, कुणी गेलं की काय? मी म्हटलं, नाही, वीज मंडळाचं आहे. बघ, आणखी एक खोटं.

तू चुकीचं पाहिलं नाहीस.

मी सात वर्षांची होते. माझे वडील ब्रॉक्सनला छपरं शाकारायचे. कॉलेज त्यांनी बाहेरूनच पाहिलं होतं. स्टेडियमशेजारी टायरच्या दुकानाची शेड होती, तिच्या पत्र्यांचं काम त्यांनी केलेलं, म्हणून मालक शनिवारी आम्हाला वर चढू द्यायचा. तिथून अर्धंच मैदान दिसायचं. ब्रॉक्सनची मुलं या टोकाला आली की दिसत, पलीकडे गेली की नुसता आवाज. वडील मला खांद्यावर घेऊन सांगायचे, आता हा ओरडा आपला, आता हा त्यांचा, ही शांतता म्हणजे चेंडू हवेत आहे. पुढच्या उन्हाळ्यात ते एका छपरावरून पडून गेले. मला त्यांचा चेहरा आता फोटोत पाहून आठवावा लागतो. पण तो ओरडा ऐकला की त्यांचे खांदे आठवतात. ते मला सोडता आलं नाही, डेला. मी प्रयत्न केला होता.

आता दुसरी गोष्ट, जी तुला माहीत असायला हवी. लग्नाच्या आदल्या दिवशी मी हे तुझ्या बाबांना सांगितलं. म्हटलं, अजून वेळ आहे, मोडायचं तर मोड. रॉयस इतका हसला की त्याला गाडीच्या टपाला धरून उभं राहावं लागलं. मग म्हणाला, पपांना कळलं तर ते मलाच घराबाहेर काढतील, तू नवीन आहेस म्हणून तुला ठेवून घेतील. पहिली दोन वर्षं मी सगळ्यांबरोबर बसून हिरव्यांसाठी टाळ्या वाजवल्या आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडले. तिसऱ्या वर्षी तुला जोजवायला मी ओसरीवर होते आणि टॅलमन जिंकलं. रॉयस उठून सगळ्यांसमोर म्हणाला, पपा, कळलं का? वर्लीन बाहेर होती म्हणून जिंकलो. हिला दर वर्षी बाहेरच बसवलं पाहिजे. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही! तुझ्या आजोबांनी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. रात्री रॉयसने मला एक छोटा रेडिओ आणून दिला.

तो शकुन नव्हता, बाळ. ती तुझ्या बाबांनी मला करून दिलेली जागा होती. तो गेल्यावर, या चार वर्षांत, मी तिथे त्याच्याबरोबरच बसते.

तू माझ्यावर रागाव, पण आजारी पडू नकोस. रात्री मोजे घालून झोप.

तुझ्या नजरेत आता जी कोणी असेन ती,
आई


प्रुइट फार्म
६ डिसेंबर

चि. डेलास,
म्हाताऱ्या ऑरिन प्रुइटचे आशीर्वाद, आणि उशिरा आलेल्या गादीबद्दल तुला माफी.

माझे गुडघे आता त्या पायऱ्या चढायला तयार नाहीत. शनिवारी उतरताना ड्यूईने मला पोत्यासारखं धरलं होतं. तेव्हा स्टेडियममधल्या आपल्या चार जागा कुणाच्या नावे करायच्या, हे नाताळच्या जेवणाला सांगून टाकतो. लढाईहून परत आलो तेव्हापासून त्या आपल्याकडे आहेत. ड्यूई समजतो आहे की त्यालाच मिळणार. गेल्या वर्षी सामना बरोबरीत असताना तो शेंगा आणायला गेला होता. शेंगा! अशा माणसाच्या हाती मी जागा देऊ?

तू मला लहानपणी विचारायचीस, आजोबा, तुम्ही तर कॉलेजात गेलाच नाहीत, मग टॅलमन आपलं कसं? मी चौतीस साली सूतगिरणीत होतो, तुझ्याहून लहान. त्यांचा संघ आमच्या स्टेशनवर उतरला. एका उंच पोराने बुटाची नाडी बांधायला म्हणून आपली चामड्याची टोपी मला धरायला दिली आणि परत घेताना म्हणाला, थँक्यू, सर. तोवर मला सर कुणी म्हटलं नव्हतं. घरी चालत गेलो की उडत गेलो आठवत नाही. एवढंच कारण आहे. लोकांना मोठं वाटतं, पण एवढंच.

जागा मी वर्लीनला देणार आहे. जिने आपल्या विजयासाठी एवढी वर्षं ब्रॉक्सनचा एकही सामना डोळ्यांनी पाहिला नाही, तिने आता माझ्या जागेवर बसून पाहावा. तिला आत्ता कळता कामा नये. माझा हात थरथरतो, आणि अक्षर व भाषा तुझी चांगली, म्हणून जेवणाआधी वाचायच्या चार ओळी तू लिहून पाठव. त्यात हे असू दे, की हिच्याइतकं हिरव्या रंगाला कुणी जागलं नाही. बाकी तुझ्या मनाने.

गादी कोरडी आहे ना, हे रोज पाहणारा,
आजोबा


टॅलमन
९ डिसेंबर

ती. आईस,
सा. न.

आजोबांचं पत्र सोबत पाठवते आहे. त्यांनी तुला दाखवू नको म्हटलं आहे आणि मी दाखवते आहे. कोणतं पाप लहान, हे मला आता कळेनासं झालं आहे.

मी त्या चार ओळी लिहायला बसले. हिच्याइतकं हिरव्या रंगाला, इथपर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. लिहिलं, तर ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांच्याच तोंडून भरल्या घरासमोर मी खोटं वदवून घेणार. नाही लिहिलं, तर ते कारण विचारणार, आणि मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. खरं सांगितलं तर नाताळच्या टेबलावर ते तुला कुठे बसवतील, कुणास ठाऊक. ड्यूईकाकाने नारिंगी शर्टातल्या पाव्हण्याला एकदा कोंबड्यांच्या खुराड्याजवळ जेवायला वाढलं होतं, आणि आजोबा त्याला वाढ, अजून वाढ म्हणत होते, पण आत ये म्हणाले नव्हते.

मी बाबांबद्दलचा भाग पुन्हा पुन्हा वाचते. मला वाटायचं, आपल्या घरात बाबाच सर्वांत सरळ होते.

मी तुझ्यावर रागावलेले नाही. मी घाबरले आहे. तू सांगशील तसं करीन, फक्त लिहायला सांगू नकोस.

मोजे घालून झोपणारी,
डेला


प्रुइट फार्म
१४ डिसेंबर

चि. डेलास,
आशीर्वाद.

तुला काही लिहायला नको. मी काल रात्रीच्या जेवणाआधी सांगून टाकलं.

ते मक्याच्या भाकरीला लोणी लावत होते. मी म्हटलं, पपा, जागा मला देऊ नका, मी ब्रॉक्सनची आहे. ते म्हणाले, अगं, तू प्रुइट आहेस, ब्रॉक्सनला नुसती जन्मलीस. मी म्हटलं, नाही पपा. मी ओसरीवर त्यांच्यासाठी ओरडते. दर वर्षी. त्यांची सुरी लोण्यातच थांबली. टायरच्या शेडचं सांगितलं, तेव्हा ते माझ्याकडे पाहत होते. शकुन कुणी उभा केला ते सांगितलं, तेव्हा पाहायचे थांबले.

एकच प्रश्न विचारला. रॉयसला ठाऊक होतं? मी म्हटलं, लग्नाआधीपासून.

मग ते उठले, कोट न घालता मागच्या ओसरीवर गेले आणि माझ्या खुर्चीवर बसले. मी कोट नेऊन खांद्यावर टाकला, तर तो त्यांनी काढला नाही, पण मानही वळवली नाही. भाकरी तशीच राहिली. आज सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत. ड्यूईला फोनवर म्हणाले की हवा खराब आहे. बाहेर लख्ख ऊन आहे.

सत्तरी गाठलेल्या माणसाकडून मी त्याचा मुलगा दुसऱ्यांदा काढून घेतला, असं मला वाटतं आहे. खरं बोलून बरं वाटतं म्हणतात. मला अजून वाटलेलं नाही.

तू परीक्षा नीट दे. घरी ये, मग बघू कोणत्या टेबलावर जेवायचं ते.

तुझी,
आई


प्रुइट फार्म
१७ डिसेंबर

चि. डेलास,
आशीर्वाद. ओळी पाठवू नकोस.

तुझ्या आईने सांगितलं ते तुला आधीच ठाऊक होतं, हेही ती सांगून बसली. तिला एकदा सुरुवात झाली की थांबता येत नाही. एवढी वर्षं थांबली कशी, देव जाणे.

मी तीन दिवस त्या खुर्चीवर बसलो. शेकोटी सोडून म्हातारा बाहेर का बसतो, म्हणून मिसेस टिंगलनी केक आणून दिला. मला काय काय आठवलं ते सांगतो. माझा रॉयस टेबलापाशी उभा राहून म्हणाला होता, वर्लीन बाहेर होती म्हणून जिंकलो, आणि मी त्या पोराचं कपाळ चुंबलं होतं. दर नोव्हेंबरला तो मला विचारायचा, पपा, वर्लीनला पाठवू ना बाहेर? आणि मीच म्हणायचो, आत्ताच्या आत्ता पाठव. मीच तिला घोंगडी दिली. मीच ओसरीला वाऱ्याचा आडोसा ठोकून दिला. माझ्याच हातांनी मी ब्रॉक्सनचा बाक बांधला! आणि पोरगा खिळे धरून उभा होता, गंभीर तोंड करून.

पहिल्या दिवशी मी त्याच्यावर इतका चिडलो की तो समोर असता तर थोबाडीत दिली असती. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की चार वर्षांत मी त्याच्यावर चिडलो नव्हतो. मेलेल्यावर कुणी चिडत नाही. फार बरं वाटलं, डेला. तो घरातच आहे आणि कुठेतरी लपून हसतो आहे, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी हिशेब केला. ती ओसरीवर त्यांच्यासाठी ओरडली आणि बहुतेक वर्षी ते हरले. म्हणजे शकुन खराच होता. आमच्यापैकी कुणी टॅलमनसाठी इतकं काही केलेलं नाही. हे मी तिला न्याहारीला सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग हसायला लागली, आणि मग ॲप्रनमध्ये तोंड लपवून जी रडली, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

जागा तुझ्या नावे करतो आहे. तू कपात ओतताना सांडलेल्या थेंबाचीही कबुली देतेस, म्हणजे जागा सुरक्षित राहतील. तुझ्याबरोबर ड्यूईला ने, पण शेंगा आधीच घेऊन ठेव.

मी पुढच्या नोव्हेंबरला घरीच असेन, मागच्या ओसरीवर. माझा रेडिओ माझ्याकडे, तिचा तिच्याकडे. मोठा आवाज कुणाचा, ते बघू. त्या शेडवरून तिला एकच टोक दिसायचं म्हणे. मला म्हणाली, शांतता झाली की समजायचं, चेंडू हवेत आहे. पन्नासहून जास्त वर्षं सामने ऐकतोय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हिरवी गादी तिच्या खुर्चीवर नेऊन ठेवली आहे. अजून ती तिच्यावर बसलेली नाही. पण काल पाऊस आला, तेव्हा पळत जाऊन तिनेच ती आत आणली.

परीक्षा संपली की लगेच ये, दोघांच्या मध्ये बसायला कुणीतरी हवं.

तुझा,
आजोबा