मिसेस टॉलिव्हर ओ देत नाहीत

मेम्फिस,
११ ऑक्टोबर, शनिवार दुपार

तीर्थरूप अर्लीन आत्या,

रनीताचा नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण पन्नाशी उलटल्यावर त्याला तेवढा हक्क आहे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. विजेच्या बिलापासून चर्चच्या पत्रकापर्यंत घरात आलेला प्रत्येक कागद तू वाचतेस, हे मला माहीत आहे.

आधी आनंदाची बातमी. तुझी भाची जिंकली! तू चर्चमध्ये माझी ओळख करून द्यायचीस ना, "आमची रनी डोक्याची डॉक्टर आहे, पण घाबरू नका, जेवायला आली की ती कुणाचं डोकं तपासत नाही," ती तुझी रनी आता दवाखान्याचे नियम बदलून बसली आहे. कसे, ते ऐक.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी मला तातडीच्या विभागातून बोलावणं आलं. "एक म्हातारी बाई आहे. विचारलेलं कळत नाही, भिंतीकडे बघत बसते, हात लावला की झटकून टाकते. भ्रम होत असावेत. झोपेचं इंजेक्शन भरून ठेवलंय, तुम्ही फक्त हो म्हणा." मी म्हटलं, मी येईपर्यंत त्या सुईला कुणी हात लावायचा नाही.

पडद्याबाहेर उभी राहून मी आधी फटीतून नुसतं बघितलं, ऐकलं. केटी नावाची एक तरुण नर्स, मुलगी स्वभावाने गोड, पण बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडत होती, "हॅटी! आज कोणता वार आहे, सांगतेस का, हॅटी?" आतून चकार शब्द नाही. शेजारी रखवालदार हाताची घडी घालून उभा, जणू बाई आता पलंगच उचलून फेकणार आहेत. आणि आत्या, बाईंनी डोक्यावरची चर्चची टोपी काढलेली नव्हती. जांभळी, पिसांची. ती टोपी बघितली आणि माझं अर्धं निदान तिथेच झालं.

मी बाहेरूनच विचारलं, "मिसेस टॉलिव्हर, मी डॉक्टर ब्रॉडनॅक्स. आत येऊ का?"

टोपी वळली. "या. बसा. या इमारतीत एकीला तरी आईने वळण लावलंय म्हणायचं."

"यांनी तुम्हाला बरंच काही विचारलं म्हणे."

"मला कुठे? ही कुणा हॅटीला विचारत होती. माझ्या पणतीच्या वयाची पोर! आमच्या गावात गोऱ्यांच्या घरातलं शेंबडं पोर माझ्या आईला नावाने हाक मारायचं, आणि आईने त्या पोराला साहेब म्हणायचं. माझं लग्न झालं त्या दिवशी मी ठरवलं, अनोळखी माणसाने मिसेस म्हटलं तरच ओ द्यायची. आज इथे आडवी पडले म्हणून तो नेम मोडू होय?"

"बरं, मग आज वार कोणता?"

"चर्चमधून थेट इथे आणलंय मला. तुम्ही मंगळवारी जाता का चर्चला?"

मी हसले, त्याही हसल्या. मग विचारलं, "त्रास काय होतोय?" तेव्हा मात्र त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "छातीत दुखतंय, बाई. प्रार्थना सुरू झाली तेव्हापासून. हातापर्यंत कळ येते."

पुढे सगळ्यांची पळापळ. हृदयाचा झटका होता. ते इंजेक्शन दिलं असतं तर बाई निमूट झोपी गेल्या असत्या आणि सगळ्यांनी समाधानाचा सुस्कारा टाकला असता. आता त्या घरी आहेत, ठणठणीत आहेत. मला त्यांनी कॅरॅमल केक पाठवला. (तुझ्याइतका जमलेला नाही. हे लिहिल्याशिवाय तू पुढचं वाचणार नाहीस.) केटी दोन दिवस रडत होती. जाताना त्या तिला म्हणाल्या, "पोरी, मनाने चांगली आहेस. बाकीचं शिकता येतं."

पण हे एकच प्रकरण असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. आमचे प्रमुख डॉक्टर व्हिटकॉम गोरे आहेत आणि भले गृहस्थ आहेत. आपल्या भलेपणाबद्दल त्यांना कधी शंकाच आली नव्हती, तीच माझी खरी अडचण. मला म्हणाले, "रनीता, एका टोपीवरून दवाखान्याचे नियम बदलायचे?"

मी म्हटलं, "टोपी राहू द्या, सर. जरा वाचू या."

मी दवाखान्यातली जुनी प्रकरणं गोळा केली होती. त्यांतून नाव, वस्ती, चर्च, म्हणजे माणूस काळा की गोरा हे कळेल असं सगळं काढून टाकलं आणि ज्या डॉक्टरांनी ती मुळात तपासली होती त्यांनाच पुन्हा निदान करायला सांगितलं. व्हिटकॉमसाहेबांच्या वाट्याला एक विधुर आला. बायको गेल्यापासून रात्री तिच्याशी बोलतो, जेवत नाही, मोठमोठ्याने रडतो. साहेब लगेच म्हणाले, "यात काय अवघड आहे? दुःखातून आलेलं नैराश्य. त्याच्याशी बोलायला हवं, गोळ्या द्यायला हव्यात, घरचं कुणी सोबत हवं." मग मी मूळचं निदान समोर ठेवलं. 'भ्रमिष्ट. हिंसक होण्याची शक्यता. इंजेक्शन देऊन बंद खोलीत ठेवावे.'

"हे कुणी लिहिलंय?"

"तुम्हीच, सर."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. मग म्हणाले, "अशी आणखी किती आहेत?"

"कॉफीवर भागणार नाही, सर. जेवण मागवा."

मग सगळ्या डॉक्टरांना बोलावून ती प्रकरणं समोर ठेवली. त्या बैठकीत एक-दोघं चिडली, एक उठून गेली, पण साहेब जागचे हलले नाहीत. एक तारखेपासून नवे नियम लागू झाले. काय नावाने हाक मारायची हे पेशंटलाच विचारायचं. झोपवणारं जड औषध देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरने पेशंटशी बसून बोलायचं. घरचं माणूस जवळ बसेल आणि रखवालदार बाहेर उभा राहील. वाचताना वाटतं, यात काय मोठंसं? पण एवढ्यासाठी मी सात वर्षं भांडते आहे, आत्या.

आता बघ, एवढं लिहिलं आणि जे लिहायला बसले ते राहूनच गेलं.

मागच्या महिन्यात मी क्लार्क्सडेलला आले होते. तू जाळीच्या दाराआडून म्हणालीस, "सर्दी झालीये गं, तुला लागेल." तुला सर्दी नव्हती. ल्युशसकाका गेल्यापासून तू कुणालाच आत घेतलं नाहीस. शेजारच्या ओझेलाबाई सांगत होत्या, तू चर्चच्या गाण्याला जात नाहीस, परसातली भाजी वाळून गेली, दिवसा पडदे ओढलेले असतात. अशा माणसांशी मी रोज तासन् तास बोलते. आणि तुझ्या दारात उभी राहून मी काय विचारलं? "जेवलीस का?" मग डबा पायरीवर ठेवून परत फिरले.

माझ्याबरोबर दवाखान्यात चल, हे माझ्या तोंडून निघेना. तू नाही म्हणशील ही भीती नव्हती. भीती याची होती की तू हो म्हणशील. तुझा तो आवाज, तो रागीट चेहरा, तुझं ते कुणालाही खडसावणं, यांचं तिथे काय होईल हे मला ठाऊक होतं. तुझ्या थोरल्या भावाला, विल्बरकाकांना, असंच नेलं होतं आणि परत फक्त त्यांच्या कपड्यांचं गाठोडं आलं. आपल्या माणसाला पाठवावं असा माझा दवाखाना नव्हता, आत्या. मी तिथे नोकरी करते आणि मीच हे म्हणते आहे.

आज मी तुला म्हणू शकते, चल. मी तुला तपासणार नाही. माझी मैत्रीण योलांडा प्रॅदर तपासेल. आपल्यातलीच आहे, मोठ्याने हसते, तुला आवडेल. मी बाहेर बसेन. तू रडलीस, ओरडलीस, योलांडाला बोल लावलेस, तरी त्याचं कुणी भलतंच काही करणार नाही.

पुढच्या शनिवारी येते. दार उघडशील ना?

तुझ्याच हाताखाली वाढलेली,
रनीता


क्लार्क्सडेल,
१५ ऑक्टोबर

रने,

पत्र पोचलं. तुझ्या साहेबाचं हसू आलं. एवढं शिकून चष्मा पुसत बसला! आणि तो कॅरॅमल केक साखर जाळून केलाय की बाजारचा, ते लिहिलंच नाहीस.

काका गेले तेव्हा सगळे म्हणाले, अर्लीन किती धीराची, डोळ्यांतून टिपूस नाही. धीर कसला गं? आत काही हलतच नव्हतं. आणि लोक एवढं कौतुक करत असताना खरं सांगायचं कुणाला? पाद्रीबुवा म्हणाले, देवाचं नाव घ्या. घेतलं. ते ओठांवरच राहिलं.

तुझं पत्र काल स्वयंपाकघरात बसून मोठ्याने वाचलं. मधेच दचकून थांबले. घरात कोण बोलतंय म्हणून. तेव्हा कळलं, कितीतरी दिवसांत मी बोललेच नव्हते.

ओझेलाला सांगितलंय की मेम्फिसला दात दाखवायला जाते आहे. तूही तेच सांग. तिच्या पोटात काही राहत नाही.

तिथे गेल्यावर माझं तोंड उघडेलच असं नाही. म्हणून तुझ्या योलांडासाठी इथेच लिहून ठेवते. सकाळी जाग आली की मला वाईट वाटतं, जाग आली म्हणून. हे मी आजवर देवालाही सांगितलं नव्हतं.

शनिवारपर्यंत थांबू नकोस. हे पत्र मिळेल त्याच दिवशी ये. गाडी सावकाश चालव, पण ये.

दार लोटून ठेवते आहे,
अर्लीन आत्या